कुंपणच शेत खाते तेव्हा

आपल्या वार्षिकाचे जुने अंक चाळले तर काही विषय दरवर्षी भेटतात. हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती, ग्रामीण स्त्रीचे जीवन. हे विषय महत्त्वाचे नाहीत असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु यंदा मी एका रोगावर आणि त्याच्या औषधावर लिहिणार आहे असे सांगितले, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. "अगं, आपण आर्ट्‌सवाल्या. औषधांचं सायन्सवाले बघून घेतील," असे एकीने म्हटलेही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. आज मात्र मला असे वाटते की, औषध शोधून काढणे हे शास्त्रज्ञांचे काम असले, तरी ते कुणाला मिळावे, काय भावाने मिळावे आणि ते घ्यायचे की नाही हे कुणी ठरवावे, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत, राज्यशास्त्राचे आहेत आणि भाषेचेही आहेत. म्हणजेच ते आपले आहेत.

पुढे जे लिहिले आहे ते माझ्या थोरल्या बहिणीला विचारूनच लिहिले आहे. "लिही. पण रडगाणं लिहू नकोस," एवढीच अट तिने घातली. ती पाळण्याचा प्रयत्न करते.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर ताईचे नाक सारखे चोंदू लागले. नाकातून रक्ताच्या खपल्या पडत. मग एका कानाने ऐकू येईनासे झाले, गुडघे सुजले, डोळे लाल झाले. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा डॉक्टर आणि प्रत्येक डॉक्टरचे वेगळे औषध. पुढे खोकला सुरू झाला, फोटोत फुप्फुसावर डाग दिसले, आणि क्षयाची औषधे सुरू झाली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. तरी सहा महिने औषधे चालली. ज्यांनी ती दिली त्यांना मी फारसा दोष देत नाही. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. फुप्फुसावर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येणार, हे ओघानेच आले. पण सहा महिन्यांनी लघवीतून रक्त जाऊ लागले, पायांवर सूज आली, आणि तेव्हा कुठे कुणीतरी म्हणाले, "पुण्याला न्या."

पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात तीन दिवसांत निदान झाले. रक्ताची एक तपासणी आणि मूत्रपिंडाचा सुईने काढलेला बारीकसा तुकडा, एवढ्यावरून. रोगाचे नाव एवढे लांब की अण्णांनी ते चिठ्ठीवर लिहून मागितले. ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. सोप्या मराठीत सांगायचे तर रक्तवाहिन्यांचा दाह. या जातीच्या सगळ्या आजारांना मिळून व्हॅस्क्युलायटिस म्हणतात.

हा आजार बाहेरून आलेल्या जंतूमुळे थेट होत नाही. आपल्या शरीरात शत्रूशी लढणारी एक फौज असते. पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, ही ती फौज. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे हा तिचा पहिला गुण. ही ओळख बिघडली की फौज घरच्यांवरच हत्यार उपसते. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कुणी करायची? स्वप्रतिरक्षा रोग, ज्यांना डॉक्टर ऑटोइम्यून म्हणतात, ते हेच. सांध्यांवर हल्ला झाला तर संधिवाताचा एक प्रकार, कातडी, सांधे, मूत्रपिंड सगळीकडे झाला तर ल्युपस, रक्तवाहिन्यांवर झाला तर व्हॅस्क्युलायटिस. पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच अशा स्वतःवरच्या हल्ल्याची कल्पना मांडली होती. शरीर तो सहसा होऊ देत नाही असे त्याचे मत होते. सहसा होऊ देत नाही हे खरेच. पण होतो तेव्हा काय होते ते आम्ही घरात पाहिले.

ताईला झालेल्या आजाराचे वर्णन फ्रीड्रिख वेगनर या जर्मन डॉक्टरने १९३६ आणि १९३९ साली केले. पुढे अनेक वर्षे हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जाई. हा गृहस्थ नाझी पक्षाचा सभासद होता हे नंतर उजेडात आले, आणि २०११ साली वैद्यकीय संघटनांनी त्याचे नाव काढून सध्याचे लांबलचक नाव दिले. रोगाच्या नावामागेही इतिहास असतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

नाव काही असो, तो जिवावरचा होता. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उपचार न झालेले शंभरातले ८२ रुग्ण वर्षाच्या आत दगावल्याचे दिसले. सरासरी आयुष्य पाच महिने. कॉर्टिझोन नावाचे स्टेरॉइड १९४८ साली संधिवातावर प्रथम वापरले गेले आणि १९५० साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. पण एकट्या स्टेरॉइडने हा आजार हटत नव्हता. खरा फरक पडला तो अमेरिकेत फाउची आणि वुल्फ या डॉक्टरांनी १९७० नंतर सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचे औषध स्टेरॉइडबरोबर वापरले तेव्हा. १९८३ साली त्यांनी ८५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. जिथे वर्षभर जगण्याची शाश्वती नव्हती तिथे माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. हे उपकार विसरून चालणार नाही.

पण या औषधाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूच्या कुळातले ते रसायन. वाढणाऱ्या पेशी मारणे हा त्याचा धर्म; त्यात चांगल्या-वाईटाचा विवेक थोडाच. केस जातात, रक्तातल्या पेशी घटतात, मूत्राशयाला इजा होऊ शकते, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. आणि तरुण स्त्रीच्या बाबतीत अंडाशय निकामी होऊन मूल होण्याची शक्यताच संपू शकते. औषध जितके जास्त घ्यावे लागेल तितका हा धोका जास्त.

दुसरा पर्याय डॉक्टर मॅडमनी सांगितला तो रिटक्सिमॅब. हे त्या नव्या जातीचे औषध, ज्यांना बायोलॉजिक म्हणजे जैविक औषधे म्हणतात. नेहमीची गोळी रसायनशाळेत रसायने मिसळून बनते. जैविक औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतात. रिटक्सिमॅब तर हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून तयार करतात. ते प्रथिन असल्यामुळे पोटात गेले तर अन्नासारखे पचून जाईल. म्हणून शिरेतून द्यावे लागते, आणि थंडाव्यात जपावे लागते. त्याचे काम नेमके असते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कुळातल्या बी-पेशींच्या अंगावर एक विशिष्ट खूण असते. औषध तेवढीच खूण ओळखते आणि त्या पेशींचा नाश घडवून आणते. जुने औषध म्हणजे तण मारण्यासाठी सगळ्या रानाला काडी लावणे. नवे औषध म्हणजे खुरपे घेऊन बसणे. खुरप्यानेही एखादे चांगले रोप उपटले जातेच, पण रान उभे राहते.

तसे पाहिले तर जैविक औषधे अगदीच नवी नाहीत. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यासाठी आपण शाळेपासून ऐकतो. इन्शुलिन हेही जैविकच. नवे काय घडले, तर १९७५ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेत सेझार मिलस्टाइन आणि जॉर्जेस कोलर यांनी एकाच वंशातल्या पेशींकडून एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनवून घेण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधांच्या नावाच्या शेवटी 'मॅब' येते ते या 'मोनोक्लोनल अँटिबॉडी'चे लघुरूप. संधिवातासाठी या युक्तीचा पहिला मोठा उपयोग १९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी केला. त्यांतले मैनी लुधियानाला जन्मलेले. त्यानंतर अशा औषधांची रांगच लागली. वृद्धांच्या डोक्याकडच्या धमन्यांना होणाऱ्या दाहासाठी २०१७ साली अमेरिकेत टोसिलिझुमॅबला मान्यता मिळाली. ज्या तरुण मुलींची मनगटाची नाडीच हाताला लागत नाही, त्या ताकायासू रोगासाठी त्याच वर्षी जपानने तेच औषध मान्य केले. हा ताकायासू रोग आपल्या देशातही आढळतो.

रिटक्सिमॅब मुळात रक्ताच्या एका कर्करोगासाठी १९९७ साली आले. २०१० साली १९७ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत ते आणि सायक्लोफॉस्फमाइड यांची तुलना झाली. सहा महिन्यांनंतर स्टेरॉइडही बंद करता येऊन आजार शांत झालेले रुग्ण नव्या औषधाच्या गटात ६४ टक्के होते, जुन्याच्या गटात ५३ टक्के. म्हणजे नवे औषध निदान जुन्याइतके तरी चांगले ठरले. ज्यांचा आजार बरा होऊन पुन्हा उलटला होता त्यांच्या बाबतीत फरक ठळक होता, ६७ आणि ४२. पुढल्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली.

एवढे सगळे मी नंतर वाचले. त्या दिवशी आम्हाला एवढेच कळले की दोन औषधे आहेत, एक स्वस्त आणि एक महाग. मॅडमनी मात्र तासभर बसून समजावले. "काका, दोन्हींनी जीव वाचेल. पण हिचं वय चोवीस आहे. मी दुसरं सुचवीन. तुम्हाला झेपेल का ते बघा," असे त्या म्हणाल्या. अण्णा गावच्या पतसंस्थेत लिपिक आहेत. एका खेपेच्या औषधाचा भाव त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा होता. सरकारी योजनेच्या खिडकीवर दोन दिवस खेटे घातले; आमच्या बाबतीत तरी कागदांचे गणित जुळले नाही. संध्याकाळी मामा आले. व्हरांड्यात अण्णा आणि मामा हिशेब मांडत बसले. "लग्न तर व्हायचंय पोरीचं. मूल झालं नाही तर पुढं काय?" असे मामा म्हणत होते, आणि "आधी जगू दे," असे अण्णा.

मी ते ताईला जाऊन सांगितले. ती उठून बसली आणि म्हणाली, "मूल हवं की नको ते माझं मी पुढं ठरवीन. ते पैशानं ठरवायला नको, आणि मामानंही."

या लेखाचे सार मला विचाराल तर ते ताईच्या या वाक्यात आहे.

अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, मामांनी निम्मा भार उचलला आणि ताईला रिटक्सिमॅब मिळाले. शेजारच्या खाटेवर त्याच आजाराची, ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान अशी एक मुलगी होती. सोलापूरकडची. तिच्या वडिलांनी एकच विचारले, "स्वस्तातलं कुठलं?" त्यांना ते मिळाले. तीही बरी होऊन घरी गेली, हे सांगितलेच पाहिजे. दोघींचे क्रमांक एकमेकींच्या फोनमध्ये आहेत. नंतर तिने ताईला जे सांगितले ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण तो फोन झाला त्या रात्री ताई जेवली नाही.

एकाच रोगाच्या दोन मुली, एकच दालन, एकच डॉक्टर. फरक पडला तो पतसंस्थेच्या पगारपत्रकाचा. याला निवड म्हणायचे का? माझे स्पष्ट मत आहे की नाही. पर्याय दोन असतील पण त्यांतला एक परवडतच नसेल, तर तिथे निवड नसते, नुसती नाइलाजाची सही असते.

यावर आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप आमच्याच एका सरांनी घेतला. ज्या देशात कुपोषण आहे, क्षय आहे, तिथे दुर्मिळ आजारांच्या महाग औषधांवर सरकारने पैसा का घालावा? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब पुरता मांडला पाहिजे. ताईची मूत्रपिंडे गेली असती तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, तेही जन्मभर. गरीब रुग्णांना डायलिसिस मोफत मिळावे म्हणून २०१६ सालापासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि तो चांगलाच आहे. पण मूत्रपिंड गेल्यावर पैसे द्यायचे आणि ते जाऊ नये म्हणून मागितले तर हात आखडायचा, हे कुठले अर्थशास्त्र? आयुष्मान भारतसारखी योजना रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेली आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या औषधांचा खर्च तिच्यात येत नाही. हे आजार तर वर्षानुवर्षे, घरी राहून, तपासण्या करत सांभाळायचे असतात. रोग एका जातीचा आणि योजना दुसऱ्या जातीची, अशी ही गत.

दुसरा आक्षेप असा की, औषध महाग आहे ते बनवायलाच महाग आहे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. मिलस्टाइन यांच्या युक्तीचे पेटंट घेतले गेले नव्हते. इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२३ साली आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आरंभ असा झाला असताना पुढे काय झाले? अडॅलिमुमॅब हे संधिवातावरचे जैविक औषध २००२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले आणि पेटंटांच्या भिंतींमुळे तिथे त्याला २०२३ पर्यंत स्पर्धक आला नाही. २०२२ या एका वर्षात त्याची विक्री वीस अब्ज डॉलरांच्या वर गेली. आपल्याकडे एका भारतीय कंपनीने तेच औषध डिसेंबर २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या भावाच्या सुमारे पंचमांशात बाजारात आणले. रिटक्सिमॅबची भारतीय आवृत्ती तर २००७ सालीच आली, आणि ताईला मिळाली ती अशीच एक आवृत्ती. पेशींनी बनवलेल्या औषधाची हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून त्यांना बायोसिमिलर म्हणतात. त्यांची पारख कशी करायची याचे नियम सरकारने २०१२ साली केले आणि २०१६ साली सुधारले. तेव्हा भाव हा निसर्गनियम नव्हे. तो माणसांनी ठरवलेला असतो, आणि माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते. सरकारने ही औषधे एकत्रित खरेदी केली, निदान तरुण स्त्रियांच्या बाबतीत तरी ती योजनेच्या यादीत विनाअट घेतली, तर भाव आणखी खाली येईल. हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलेच आहे.

तिसरा आक्षेप मीच घेते. नव्याची भुरळ पडू नये. व्हॅस्क्युलायटिसच्या याच प्रकारावर एटानरसेप्ट हे दुसरे जैविक औषध वापरून पाहिले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत त्याचा काडीचाही उपयोग दिसला नाही. उलट औषध घेतलेल्या गटात कर्करोगाचे सहा रुग्ण निघाले, दुसऱ्या गटात एकही नाही. संधिवातावरच्या इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात दबून राहिलेला क्षय उफाळतो, हे २००१ साली सत्तर रुग्णांच्या वृत्तान्तावरून कळले. आपल्या देशात तर हा धोका कुणीही हलक्याने घेऊ नये. रिटक्सिमॅबच्या आधी काविळीच्या बी विषाणूची तपासणी करावी लागते, कारण तो पुन्हा जागा होऊ शकतो. फौजेची एक तुकडीच कमी केल्यावर साध्या संसर्गालाही भिऊन राहावे लागते. ताई अजून लग्नाकार्याच्या गर्दीत जात नाही, आणि कोणतीही लस घेण्यापूर्वी मॅडमना विचारते. शिवाय आजार शांत होतो, मुळापासून जातोच असे नाही. २०१४ सालच्या एका अभ्यासात, दर सहा महिन्यांनी रिटक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी २८ महिन्यांत पाच टक्क्यांचाच आजार गंभीरपणे उलटला, तर जुन्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांचा. आकडा आनंदाचा आहे, पण याचा अर्थ खर्च एका खेपेत संपत नाही, हाही आहे.

म्हणून माझी मागणी 'सगळ्यांना नवे औषध द्या' अशी नाही. कुणाला कोणते द्यायचे हे रोग, वय आणि रुग्णाची इच्छा पाहून ठरावे, खिसा पाहून ठरू नये, एवढीच आहे.

आता आपल्याकडे वळते. सरकारला आणि कंपन्यांना चार शब्द सुनावणे सोपे आहे. आपण काय करतो? ताईचा चेहरा स्टेरॉइडने सुजला तेव्हा शेजारणींनी आईला पहिला सल्ला दिला तो असा, "कुणाला सांगू नका, स्थळं यायची बंद होतील." दुसरा सल्ला एका वैदूच्या पुड्यांचा. अशा पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेले अनेकदा सापडते, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते. लपवण्यात आणि पुड्यांत जे महिने जातात, त्या महिन्यांतच मूत्रपिंडे जातात. नाक, कान, डोळे, सांधे, फुप्फुस यांच्या तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या तर त्या पाच वेगळ्या आजारांच्या नसून एकाच आजाराच्या असू शकतील, एवढी शंका घरात कुणाला तरी यायला हवी होती. आम्हा दोघी शिकलेल्या बहिणींनाही ती आली नाही.

आणि ती कशी येणार? या विषयावर मराठीत सरळ, खरे असे वाचायला किती मिळते? ताईच्या औषधाच्या आधी अण्णांनी ज्या संमतिपत्रकावर सही केली ते चार पानी आणि इंग्रजीत होते. अण्णांनी ते हातात धरले, चष्मा लावला, पहिले पान उलटले आणि सही कुठे करायची ते विचारले. मी इंग्रजी घेऊन बी. ए. करते आहे, मलाही त्यातले निम्मे कळले नाही. ज्या कागदाने माणूस आपल्या मुलीचा देह दुसऱ्याच्या हवाली करतो, तो कागद त्याच्या भाषेत नसावा? राजभाषा, अभिजात भाषा म्हणून आपण मराठीचा गौरव करतो. तिची खरी कसोटी व्यासपीठावर लागत नाही, अशा कागदावर लागते.

हे काम मात्र डॉक्टरांची वाट न बघता आपण करू शकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून दोन पानांचे माहितीपत्रक लिहिले. आजार काय आहे, दोन औषधांत फरक काय, कोणत्या तपासण्या आधी करायच्या, ताप आला तर काय करायचे आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे. मॅडमनी त्यात चार चुका दाखवल्या, त्या दुरुस्त केल्या. एका ठिकाणी आम्ही 'प्रतिक्षमता-अवरोधक' असा भारदस्त शब्द घातला होता. त्यावर त्या म्हणाल्या, "हे वाचून पेशंट पळून जाईल." मग 'शरीराची फौज थोडी शांत करणारे औषध' असे लिहिले. आता ते पत्रक तिथल्या वॉर्डातल्या फळ्यावर लावलेले आहे. त्यातला शेवटचा प्रश्न ताईने घालायला लावला. तो असा: "या औषधाचा मला पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल, आणि हे मला कोण समजावून सांगेल?"

ताई आता बरी आहे. एका कानाने तिला अजूनही कमी ऐकू येते. ती पुन्हा शाळेत शिकवायला जाते, वर्गात डावीकडच्या मुलांना मोठ्याने बोलायला सांगते. पुढची खेप जूनमध्ये आहे. अण्णांनी त्यासाठी आतापासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.

संमतिपत्रकाचे मराठी रूपांतर अजून व्हायचे आहे. त्यासाठी इंग्रजी आणि मराठी दोन्ही विभागांतल्या मित्र-मैत्रिणींची मदत हवी आहे. सरांनी आणि बाईंनी ते तपासून दिले तर फारच बरे होईल. मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात, नियतकालिकांच्या टेबलापाशी असते.

— तृतीय वर्ष कला